यादीतलं बदक

कैरोच्या उत्तरेला, नदीच्या डेल्टातल्या तंता शहरात फिक्री अबू-हाजिबला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. अबू-हाजिब म्हणजे भुवयावाला. हे नाव काही त्याच्या बापाने ठेवलेलं नव्हतं, लोकांनी ठेवलं. कारण फिक्री गंभीर झाला, की त्याच्या दोन्ही भुवया आपोआप वर चढायच्या आणि कपाळाच्या मधोमध एकमेकींना भेटायला जायच्या. ते पाहून पोरंटोरं सोडाच, मशिदीतले म्हातारेसुद्धा तोंडावर रुमाल धरायचे.

या भुवयांवरच त्याचं पोट चाललं होतं. लग्नाच्या मांडवात गाणारा दमला, की फिक्री पुढे यायचा, खिशातून कागदाची लांबलचक गुंडाळी काढायचा, चेहरा गंभीर करायचा आणि म्हणायचा, "माझ्या सासऱ्याने माझ्याकडून सही करून घेतलेली यादी!" एवढ्यावरच अर्धा मांडव हसायला लागायचा.

आता यादी काय, हे आमच्याकडे दुधपित्या पोरालाही कळतं. मुलगी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर जे जे जातं, फ्रिजपासून चमच्यापर्यंत, ते सगळं कागदावर उतरवतात. खाली नवरा सही करतो, की हे बायकोचं आहे, माझ्याकडे नुसतं सांभाळायला. उद्या दोघांचं बिनसलं, तर चमच्यासकट परत. या एका सहीवरून दोन घरांत अशी जुंपते, की ठरलेली लग्नं मोडतात. म्हणून तर लोकांना फिक्रीची यादी ऐकताना गुदगुल्या व्हायच्या.

"कलम पहिलं," फिक्री वाचायचा. "चहाचे ग्लास, बेचाळीस. जावयाला तोंड एक. कलम नववं. झाडू, तीन. एक खोलीसाठी, एक जिन्यासाठी, एक जावयासाठी. कलम बेचाळिसावं आणि शेवटचं. बदक, एक. जिवंत. पिसांसकट. तलाक झाल्यास त्याच वजनाचं परत करावं!"

बदक आलं, की संपलं. लोक खुर्च्यांवरून खाली यायचे. पंचवीस वर्षं ते बदक फिक्रीला जेवू घालत होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बक्कळ पैसा असेल त्याच्याकडे. सगळ्यांना असंच वाटायचं. 'यादी'ची कॅसेट निघाली तेव्हा डेल्टातल्या प्रत्येक मायक्रोबसमध्ये ती वाजत होती. पण कॅसेटवाल्याने फिक्रीच्या हातावर दोनशे पौंड आणि एक थर्मास ठेवला होता. पौंड आठवड्यात संपले. थर्मास अजून आहे, गळतो. एकदा करवसुलीचा माणूस दारात आला, त्याने घर पाहिलं, चहा प्यायला, जाताना उलट टेबलावर वीस पौंड ठेवून गेला. ही गोष्ट फिक्री स्वतःच सांगायचा, तीसुद्धा मांडवात, पैसे घेऊन.

घरातलं काहीच त्याने विकायचं बाकी ठेवलं नव्हतं. मेव्हण्याचं घोरणं, पोरीचं पहिलं इंग्रजी, भावाच्या दुकानाचं दिवाळं, सगळं मांडवात मांडून झालं होतं. मेव्हणा तर दोन वर्षं बोलत नव्हता. शेवटी म्हणाला, "फिक्री, माझ्या घोरण्याचे निम्मे पैसे दे, मग बोलतो." तेही फिक्रीने गंमत करून सांगितलं.

एकच माणूस त्याच्यावर कधी हसला नाही. त्याची बायको, इन्शिराह. मांडवात तो तिला 'सरकार' म्हणायचा. "आमच्या सरकारसमोर हसायला आधी अर्ज करावा लागतो," असं म्हणून तो तिची ताठ मान करून दाखवायचा. इन्शिराह पहिल्या रांगेत बसलेली असली, तर तशीच ताठ मान करून बसायची. लोकांना वाटायचं, हीसुद्धा खेळात सामील आहे. ती नव्हती.

असो. तर फिक्रीच्या पोरीचं, नव्वाराचं लग्न ठरलं, आणि इथे खरं घोडं अडलं.

नव्वारा औषधांच्या दुकानात सहा वर्षं उभी राहून नोकरी करत होती. फ्रिज, कपडे धुण्याचं मशीन, शेगडी, जेवणाचा सेट, सगळं तिने स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. बाप काही देऊ शकणार नाही, हे तिला कळत होतं. ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. पण एका गोष्टीवर ती अडून बसली.

"बाबा, यादीवर सही झाल्याशिवाय मी निकाहाला बसणार नाही," ती म्हणाली. "मावशीच्या साफीनाझचं काय झालं ते पाहिलंत ना? यादी नको म्हणाली, प्रेम आहे म्हणाली. चार वर्षांनी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन परत आली. पिशवीत काय होतं? दोन गाऊन आणि केस वाळवायचं मशीन. तेही बिघडलेलं."

"हाझिम तसा पोरगा नाहीये ग."

"हाझिम चांगलाच आहे. म्हणून तर लग्न करतेय. पण बाबा, शुक्रवारी त्याच्या घरचे येतील तेव्हा यादी तुम्ही वाचायची. तुम्ही माझे बाप आहात. आणि..." ती थांबली. "एक दिवस गंमत नको. माझी शपथ आहे."

फिक्रीने छातीवर हात ठेवला. "एक शब्द गमतीचा निघाला, तर या भुवया काढून टाकतो," तो म्हणाला आणि गंभीर झाला. नव्वाराला हसू आलं. मग तिला रडू आलं. हे काही सोपं काम नाही, हे त्याला तेव्हाच कळून चुकलं.

शुक्रवारी दुपारी असरच्या नमाजानंतर चार माणसं येणार होती. आली अकरा. पुढे नवऱ्यामुलाचा बाप हाज बसयूनी, हजयात्रा करून आलेला मिठाईवाला, हातात चण्याच्या गोड वडीचा भलामोठा डबा. मागे त्याची बायको एतिदाल. मग हाझिम, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. त्याच्या मागे दोन काका, दोन काकू आणि उरलेली चार माणसं कोण, ते फिक्रीला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यांनी आल्या आल्या भिंतीला टेकून चांगल्या जागा धरल्या आणि मोबाईल वर केले, तेव्हा त्याला एवढं कळलं, की ही मंडळी बोलणी करायला नाही, करमणुकीला आली आहेत.

"व्याही," हाज बसयूनी खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला, "तुमची कॅसेट मी किती वेळा ऐकली असेल, सांगा? दुकानात रोज लावतो. गिऱ्हाईक हसतं, दोन किलोच्या जागी तीन किलो नेतं."

"तुमची मेहरबानी, हाज."

चहा झाला. एक काकू म्हणाली, "चला आता, सुरू करा की!" फिक्री उठला. त्याने खिशातून कागद काढला. गुंडाळी नव्हती हो, साधा वहीचा कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, नव्वाराच्या अक्षरात. तरी मागच्या भिंतीवरून एक खी-खी ऐकू आली.

"मंडळी," फिक्री म्हणाला, "आज मी कुणाची करमणूक करायला उभा नाही. मी मुलीचा बाप आहे."

हे त्याने मनापासून म्हटलं होतं, आणि मनापासून म्हटल्यामुळे भुवया वर गेल्या. खोली फुटली. हाज बसयूनीने मांडीवर थाप मारली. "वाह, काय सुरुवात आहे!"

"फ्रिज, एक, सोळा फुटी," फिक्री वाचू लागला.

"हा हा हा! सोळा फुटी!"

"धुण्याचं मशीन, एक."

"आणि धुणारा जावई एक!" एका काकाने मागून जोड दिली. हशा.

"शेगडी, पाच जाळांची. अहो, ऐका ना. ताटं, चोवीस."

"बदक कधी येणार?" भिंतीजवळचा कुणीतरी ओरडला. "बदक! बदक!"

फिक्रीला घाम फुटला. हजार हजार माणसांसमोर उभा राहिलेला माणूस, पण आज स्वतःच्या बैठकीच्या खोलीत त्याला अकरा माणसं आवरत नव्हती. त्याने आवाज चढवला, तर हसले. खाली आणला, तर त्याहून हसले. तो गप्प राहिला, तर एक काकू डोळे पुसत म्हणाली, "बाई ग, थांबतो कसा बघा!" स्वयंपाकघराच्या दारात नव्वारा उभी होती. ती हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तो पाहून फिक्रीला आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या हसण्याचा राग आला.

कशीबशी यादी संपली. फिक्रीने कागद टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं. "हाझिम बेटा, सही कर."

हाझिमने हात पुढे केला. हाज बसयूनीने तो अलगद धरला आणि खाली ठेवला. आता तो हसत नव्हता.

"व्याही, गंमत गंमत म्हणून ठीक आहे. सही कसली?"

"म्हणजे? यादीवरची."

"अहो, पंचवीस वर्षं तुम्हीच आम्हाला शिकवलंत, की यादी म्हणजे हसण्याची गोष्ट. ती लिहिणारा सासरा म्हणजे हावरट म्हातारा. माझ्या दुकानात रोज वाजतंय. आता तुम्ही तोच कागद माझ्या पोरापुढे ठेवता? उद्या अख्खा बाजार मला हसेल, की बसयूनीच्या पोराने अबू-हाजिबच्या विनोदावर सही केली." त्याने वडीचा डबा पुढे सरकवला. "तुमच्या शब्दाला तुम्हीच जागा, व्याही. वडी घ्या."

फिक्रीने डब्याकडे पाहिलं, वडी घेतली नाही. त्याने बेचाळीस कलमांचं एवढं मोठं जाळं विणलं होतं, आणि आज त्यात त्याचीच पोर अडकली होती. नव्वाराने एप्रन सोडला आणि आत वळली. आता ती बाहेर येऊन 'लग्न नको' म्हणणार, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. हाझिमलाही दिसलं असावं. तो उभा राहिला, बापाकडे पाहिलं, परत बसला. गरीब गाय पोरगं.

तेवढ्यात इन्शिराह बाहेर आली. तिच्या हातात डिंकाने तीन ठिकाणी चिकटवलेला, पिवळा पडलेला कागद होता.

"हाज," ती म्हणाली, "तुम्ही कॅसेटमधली यादी ऐकलीत. खरी ऐकायची आहे? माझ्या बापाने लिहिलेली. तो ट्रामवर तिकिटं फाडायचा. तो गेल्यावर हा कागद माझ्याकडे आला."

फिक्रीने तो कागद ओळखला. खाली त्याचीच सही होती, तरुणपणची, मोठा फलकारा मारलेली. पंचवीस वर्षांत त्याने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बेचाळीसपैकी बहुतेक कलमं तर त्याने स्वतःच्या डोक्यातून काढली होती.

"यात सात वस्तू आहेत," इन्शिराह म्हणाली. "पहिली, तांब्याचा हंडा. तो विकला आणि याचा हिरवा चमकीचा कोट आला. दुसरी, शिलाई मशीन. ते विकलं आणि माईक आणि कर्णा आला. तिसरी, रेडिओ. तो विकून हा कैरोला गेला, रेडिओवर परीक्षा द्यायला. नापास झाला. पास कोण झालं, ते ऐकायला घरात रेडिओ नव्हता."

मागे कुणीतरी हसलं. पण इन्शिराहने तिकडे नुसतं पाहिलं, आणि तो गप्प झाला.

"चौथी, सोन्याच्या बांगड्या, चार. दोन कॅसेट काढायला कॅसेटवाल्याला दिल्या. दोन याच्या घशाच्या ऑपरेशनला. पाचवी, कापसाच्या गाद्या, दोन. त्यातला कापूस काढून याने पोटावर बांधला, ढेरपोट्या जमीनदार पाशाची नक्कल करायला. आम्ही चटईवर झोपलो. सहावी, आरसा. तो आहे. त्यात हा सकाळी तोंडं करतो." तिने कागदाची घडी घातली. "मी स्वतः विकल्या, कुणी जबरदस्ती केली नाही. हा चांगला माणूस आहे, कधी हात उगारला नाही, कधी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि तरी माझ्याकडे काय उरलं, सांगा? एक आरसा. चांगल्या माणसाच्या घरी असं होतं, हाज. म्हणून यादी लिहायची. वाईट माणसासाठी नाही लिहीत कुणी."

मोबाईल कधीच खाली गेले होते. इन्शिराह आता नवऱ्याकडे वळली.

"तू जगाला सांगतोस, सरकार हसत नाही. अरे, हजार वेळा मी त्या मांडवात बसले. प्रत्येक वेळी वाटायचं, आज तरी हा शिलाई मशीन म्हणेल. बेचाळीस वस्तू म्हणायचास तू, फिक्री. झाडू म्हणायचास. माझं मशीन एकदाही म्हणाला नाहीस."

लाज वाटली फिक्रीला, सपाटून लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, आणि भुवया सवयीने वर गेल्या, पण आज कुणी हसलं नाही.

"आणि सातवी वस्तू?" एतिदाल, हाजची बायको, हळूच म्हणाली.

"बदक," इन्शिराह म्हणाली.

"म्हणजे बदक खरं होतं?"

"खरं. जिवंत, पिसांसकट. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी यानेच खाल्लं. एक तंगडी मला दिली."

आता मात्र एतिदालला हसू आवरेना. ती हसता हसता डोळे पुसू लागली, आणि मग हसणं थांबवून नवऱ्याकडे वळली. "बसयूनी, माझी यादी कुठे आहे रे?"

"आता मध्येच हे काय?"

"दुकानाचा पहिला ओटा घेतलास तेव्हा माझा हार गेला. 'पुढच्या ईदला करून देतो' म्हणालास. किती ईदा झाल्या? मी आणू का कपाटातून कागद? इथेच वाचते. लोक जमलेलेच आहेत."

हाज बसयूनीने आजूबाजूला पाहिलं. आपल्याच माणसांतली दहा तोंडं. त्यातल्या दोन काकूसुद्धा आपापल्या नवऱ्यांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या होत्या. एका काकाने तर उठून जोडे शोधायला सुरुवात केली. हाज पक्का व्यापारी, वारा कुठला हे त्याला कळतं. त्याने पेन उचललं आणि मुलाच्या हातात कोंबलं.

"कर बाबा सही. पटकन कर. दोन्ही बाजूंना कर!"

हाझिमने इतकी जोरात सही केली, की कागद फाटायचा राहिला. स्वयंपाकघरातून नव्वाराच्या मावशीने जीभ हलवून आनंदाची अशी खणखणीत ललकारी दिली, की जिन्यावरच्या बायकांनीही ती उचलून धरली. मग सगळे वडीवर तुटून पडले.

शनिवारी फिक्री घरातून लवकर बाहेर पडला. रविवारीही. कुठे जातोस विचारलं, तर "काम आहे" एवढंच. इन्शिराहनेही जास्त विचारलं नाही. तिच्या मनातलं बोलून झालं होतं, आणि बोलून झाल्यावर माणसाला जरा रिकामं वाटतं, तसं तिला वाटत होतं.

सोमवारी सकाळी जिन्यात गोंधळ उठला. खालच्या मजल्यावरची बाई किंचाळली, मग खदखदून हसली. मग दुसऱ्या मजल्यावरचा मास्तर हसला. इन्शिराहने दार उघडलं. फिक्री तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, धापा टाकत. शर्टाचं बटण तुटलं होतं, कानाला रक्त होतं, आणि काखेत एक भलंमोठं पांढरं बदक, चोच उघडून, दुसऱ्या कानाची वाट बघत.

"हे काय?" इन्शिराह म्हणाली.

"सातवी वस्तू. जिवंत. पिसांसकट. वजन तेवढंच आहे का ते सांगता येत नाही, त्या वेळी मोजायच्या आधी खाल्लं."

"आणि बाकीच्या?"

"आरसा आहेच. म्हणजे राहिल्या पाच." फिक्रीने बदकाची मान दुसऱ्या बाजूला वळवली. "शिलाई मशीन गुरुवारी येतंय, सेकंडहँड आहे पण चालतं. तीन लग्नांचे पैसे आगाऊ उचलले. त्यांना सांगितलं, नवीन यादी ऐकवतो, सात वस्तूंची. पहिल्यांदा मशीनच म्हणणार आहे. हंड्याचं पुढच्या महिन्यात बघतो. बांगड्यांना मात्र वेळ लागेल, इन्शिराह. सोनं कुठे गेलंय बघतेस ना तू?"

हे सगळं त्याने अगदी मनापासून, गंभीरपणे सांगितलं. भुवया वर चढल्या आणि मध्ये भेटल्या. बदकाने मान लांब करून त्या भुवयांकडे पाहिलं, आणि नेम धरून डाव्या भुवईला कडकडून चावलं.

इन्शिराह हसली. आधी नाकातून, मग तोंड दाबून, मग दाराची चौकट धरून. मान खाली गेली, खांदे हलायला लागले, ओढणीने डोळे पुसले आणि परत हसली. फिक्री भुवई धरून तिच्याकडे बघतच राहिला. हजारो माणसांना हसवलं होतं त्याने, पण हे हसू त्याने कधी पाहिलंच नव्हतं. खालच्या बाजूचा एक दात तिचा थोडा वाकडा होता, हेही त्याला आज कळलं.

"कशाला हसलीस?" तो अधीर होऊन म्हणाला. "बदकाला, का भुवईला? का मी सोन्याचं बोललो त्याला? सांग ना ग! नेमकं कुठे हसलीस ते सांग, गुरुवारच्या लग्नात घालतो."

इन्शिराहने त्याच्या काखेतून बदक काढून घेतलं. तिच्या हातात ते एकदम शहाणं झालं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "हे विकायचं नाही."